जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

मोडकळीस आलेल्या देवळाचा जीर्णोद्धार करतांना जुना दगड किती ठेवावा, नवा किती बसवावा, आणि गाभाऱ्यास हात लावावा कीं न लावावा, याचा विचार आपल्या पूर्वजांनीं पुष्कळ केलेला आहे. असाच प्रश्न एखाद्या जुन्या मोटारीविषयीं आपणांपुढें उभा राहील, असें जन्मभर शाळेंत संस्कृत आणि गणित शिकविलेल्या आम्हांस कधीं स्वप्नांतही वाटलें नव्हतें. पण तो राहिला; आणि त्याचें उत्तर शोधतांना ज्या चार गोष्टी आम्ही शिकलों, त्या, ज्यांच्या दारांत वडिलांची अगर आजोबांची जुनी गाडी कापडाखालीं झांकून ठेवलेली आहे अशा वाचकांच्या उपयोगीं पडतील, या हेतूनें येथें देत आहों.

आमच्या थोरल्या बंधूंनीं—त्यांस घरांत सर्वजण दादा म्हणत—१९७४ सालीं ‘प्रीमिअर पद्मिनी’ घेतली. मूळचे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या ‘११००’ या नमुन्यावरून ही गाडी तयार होई. त्यामुळें नांव कांहींही असलें तरी लोक तिला फियाटच म्हणत. चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन. शक्ति सुमारें चाळीस अश्वांची. गिअरचा दांडा चाकाच्या खांबावर असल्यामुळें पुढच्या सलग बैठकीवर तिघे सहज बसत, आणि एकत्र कुटुंबास ही सोय फार मोलाची होती. मुलांच्या मुंजी, मुलींचीं माहेरपणें, आजारी माणसांचे दवाखाने, सारें याच गाडींतून झालें. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सीच्या काळ्या-पिवळ्या वेषांत धावणाऱ्या हिच्या भगिनी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या. आमची मात्र दादांच्या मागें नऊ वर्षें घरींच होती.

गेल्या वर्षीं वहिनींस सासवडास सोपानदेवांच्या समाधीच्या दर्शनास जावयाची इच्छा झाली. त्यांचें वय आतां ऐशींच्या घरांत. ‘ह्यांच्या गाडींतूनच जाऊं,’ असा त्यांचा आग्रह. निघालों, पण दिवे घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनांतून खडे खळखळावे तसा आवाज येऊं लागला, रेडिएटरमधून वाफेचा लोट उठला, आणि गाडी जागच्या जागीं थांबली. वहिनी दोन तास रस्त्याच्या कडेस दगडावर बसून होत्या. संध्याकाळीं दुसऱ्याच्या वाहनांतून घरीं परतल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, ‘भाऊजी, आतां विकून टाका.’ परंतु दुसऱ्या दिवशीं पहाटे ओढून आणलेल्या त्या गाडीची कांच पदरानें पुसतांना आम्हीं त्यांस पाहिलें, आणि हा प्रश्न केवळ लोखंडाचा नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें.

घरांत तीन पक्ष पडले. पुतण्याचें म्हणणें, भंगारवाला देईल तें घ्यावें. त्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. त्याचा बेत असा कीं, इंजिन उघडावयाचेंच आहे तर शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट घालावा, दोन कार्बोरेटर बसवावे, जमल्यास एखादें नवीन प्रबळ इंजिनच घालावें. आणि आमचें मत असें कीं, दादांच्या वस्तूंत तिळमात्र बदल करूं नये. तिन्ही मतें कशीं अपुरीं होतीं, तें पुढें दिसेल.

प्रथम कायदा पाहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. दुसरें इंजिन घालणें म्हणजे परवानगीचें प्रकरण. आहे तेंच इंजिन दुरुस्त करून पूर्वस्थितीवर आणण्यास तशी हरकत नाहीं. शिवाय २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. तो मान मोठा खरा, पण अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणें, देखभाल अशा ठराविक कारणांपुरतीच रस्त्यावर काढतां येते. नित्याच्या वापरास ती नव्हे. वहिनींस तर सासवडास जावयाचें होतें. तेव्हां साधी नोंदणीच राखावी आणि दर पांच वर्षांनीं ती नवी करून घ्यावी, असें ठरलें.

यानंतर मिस्त्रींचा शोध. पुणें हें इंजिनांचें जुनें गांव आहे. खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ मध्यें निघाला. वेताळ टेकडीजवळ मोटारींच्या संशोधनाची ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून आहे. अशा गांवांत हाताच्या कारागिरांची परंपरा सहसा तुटत नाहीं. नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करतां करतां एका बोळांतल्या वृद्ध मिस्त्रींकडे आम्ही पोंचलों. नातवानें आपला बेत मोठ्या उत्साहानें सांगितला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि एकच प्रश्न केला, ‘बाळ, गाडी चालवणार कुठं?’

या प्रश्नांत सर्व शास्त्र सांठविलेलें आहे, हें आम्हांस पुढें कळलें. गाडी लक्ष्मी रस्त्यावर, टिळक रस्त्यावर, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत चालणार, आणि कधींमधीं घाट चढणार. अशा वेळीं इंजिनाचे फेरे मध्यम असतात, आणि तेथेंच त्याला ओढ हवी. शर्यतीच्या कॅमशाफ्टनें व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे राहतात. फेरे फार वाढले म्हणजे त्याचा लाभ होतो, पण मंद गतींत सिलिंडरांत आलेलें मिश्रण उलट बाहेर ढकललें जातें, आणि सिग्नलपाशीं इंजिन अडखळत, धापा टाकीत राहतें. शक्तीचा आकडा कागदावर वाढतो, आणि नित्याच्या वापरांतली ओढ घटते. नातू हिरमुसला, पण विचारांत पडला. आमच्याकडे वळून मिस्त्री म्हणाले, ‘आणि मास्तर, तुम्ही म्हणतां कांहीं बदलूं नका. पण पेट्रोल बदललं, रस्ता बदलला. गाडी तेवढी तशीच कशी राहील?’ आम्ही निरुत्तर झालों.

उघडण्यापूर्वीं मोजणें, हा त्यांचा पहिला नियम. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब त्यांनीं मापकावर पाहिला. दोन बरे होते, दोन फार कमी. मग त्या दोहोंत चमचाभर तेल सोडून पुन्हां पाहिलें. एकाचा दाब वाढला. तेलानें रिंगांच्या भोंवतीची फट तात्पुरती बुजली, म्हणजे दोष रिंगांचा व सिलिंडरच्या भिंतीचा. दुसऱ्याचा वाढला नाहीं. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा. इंजिन न उघडतां आंतील रोगाचें निदान करण्याची ही युक्ति पाहून आम्हांस नाडीपरीक्षेची आठवण झाली.

उघडल्यावर पूर्वीचें एक पाप बाहेर आलें. दादा असतांनाच कोण्या एका कारखान्यांत ‘पिकअप वाढवून देतों’ असें सांगून हेडची खालची बाजू घांसण्यांत आली होती, आणि तीही तिरकी. थर्मोस्टॅट काढून फेकलेला होता, त्यामुळें इंजिन सकाळीं योग्य उष्णतेवर येण्यास वेळ लागे आणि तेवढा काळ अधिक झिजे. रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या गाळानें बंद होत्या. दिवे घाटांतला तो खळखळाट म्हणजे मिश्रणाचा अवेळीं होणारा भडका, आणि त्याचीच उष्णता पाण्यास उकळवून गेली.

येथें आमच्या गणितास काम मिळालें. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर. यावरून एका सिलिंडरची झाडलेली जागा सुमारें २७२ घनसेंटिमीटर येते. समजा, पिस्टन अगदीं वर असतां त्याच्या डोक्यावर ४० घनसेंटिमीटर जागा उरली, तर ३१२ भागिलें ४०, म्हणजे मिश्रण ७.८ पट दाबलें जातें. तीच जागा ३५ झाली तर ३०७ भागिलें ३५, म्हणजे जवळजवळ ८.८ पट. फरक पांच घनसेंटिमीटरांचा. म्हणजे चहाच्या एका चमच्याइतका! एवढ्याशा जागेनें इंजिनाचा स्वभाव पालटतो. रसायनशास्त्राच्या एका शिक्षकमित्रांनीं आम्हांस निवृत्तीच्या वेळीं एक ब्यूरेट भेट दिली होती. ती घेऊन आम्ही बोळांत गेलों. हेड उलटें ठेवून त्यावर भोंक पाडलेली कांच ग्रीसनें चिकटविली आणि चारही खोल्यांत पातळ तेल सोडून मापलें. चौघींचें माप चार प्रकारचें निघालें.

आतां कबूल करावयास हवें कीं, या वेळीं मोह आम्हांसच पडला. दाब वाढविला कीं त्याच पेट्रोलांतून अधिक काम निघतें, हें गणितानें दिसत होतें. तेव्हां हेड आणखी थोडें घांसून चारही खोल्या सर्वांत लहान खोलीइतक्या कराव्या, असा हिशोब आम्हीं वहीवर मांडून दाखविला. मिस्त्रींनीं वही नीट वाचली. ‘मास्तर, गणित बरोबर आहे,’ ते म्हणाले; ‘पण हेडमध्यें आतां घांसायला धातु किती उरला, तें वहींत नाहीं. आणि क्रँकला आधार तीनच बेअरिंगांचा आहे, तेंही नाहीं.’ उलट त्यांनीं लहान खोल्या आंतून हलक्या हातानें कोरून सर्वांत मोठ्या खोलीच्या मापास आणल्या, आणि खालची बाजू केवळ सपाट होईल एवढीच घांसली. विद्यार्थ्यापुढें आपली चूक कबूल करण्याचा प्रसंग चाळीस वर्षांच्या नोकरींत आम्हांवर पुष्कळदां आला. नातवापुढें मात्र हा पहिलाच. त्यानें हंसू दाबलें, हें आम्हीं पाहिलें.

बाकीचें काम थोडक्यांत सांगतों. सिलिंडर झिजून लंबगोल झाले होते. ते अर्धा मिलिमीटर वाढवून ६८.५ चे केले व त्या मापाचे नवे पिस्टन आणि रिंगा आणल्या. यानें इंजिन सुमारें ११०६ घनसेंटिमीटरचें झालें, म्हणजे वाढ शेंकडा दीड. बोअर केल्यानें शक्ति फार वाढते असें मानणारांनीं हा आकडा लक्षांत ठेवावा. लाभ मोठेपणाचा नसून गोलपणाचा आहे. भिंतींवर शेवटीं एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्यांत तेल टिकतें आणि रिंगा नीट बसतात. क्रँकशाफ्टचे घांसलेले भाग ग्राइंडिंग करून त्या मापाचीं बेअरिंगें घातलीं.

मग तोलाचें काम. चार पिस्टन आणि चार कनेक्टिंग रॉड आम्हीं तराजूवर तोलले. सर्वांत हलक्याशीं जुळतील असे बाकीचे जड ठिकाणीं किंचित् घांसून समान केले. एका ग्रॅमचें काय एवढें, असें कोणी म्हणेल. क्रँकची त्रिज्या साडेसदतीस मिलिमीटर. मिनिटास ४००० फेऱ्यांच्या गतीनें तेथें फिरणारा एक ग्रॅम सुमारें ६७० ग्रॅमच्या वजनाइतका ओढ घेतो. गति दुप्पट झाली कीं हा ओढ चौपट. कानास जो थरथराट ऐकूं येतो आणि बेअरिंगें जो धक्का सोसतात, त्याचें मूळ अशा ग्रॅमांत असतें. हें काम खर्चाचें नाहीं, सवडीचें आहे. म्हणून गर्दीच्या कारखान्यांत तें बहुधा होत नाहीं.

व्हॉल्व्हच्या बैठकांविषयीं विशेष काळजी घ्यावी लागली. जुन्या काळीं पेट्रोलांत शिसें असे आणि तें बैठकांचें झिजण्यापासून रक्षण करी. आपल्या देशांत फेब्रुवारी २००० पासून शिसेंयुक्त पेट्रोल बंद झालें, तें आरोग्यास योग्यच झालें. पण जुन्या इंजिनास त्यामुळें कठीण धातूच्या बैठका बसविणें इष्ट ठरतें. त्या बसवून व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानें घोटले. मिश्रण आंत येण्याच्या वाटा नातू मोठ्या करूं पाहत होता. मिस्त्रींनीं गास्केटशीं त्यांच्या कडा तेवढ्या जुळवून घेतल्या. वाट फार रुंद केली तर मंद गतींत वायूचा वेग घटतो आणि पेट्रोल त्यांत नीट मिसळत नाहीं. नदीचें पात्र रुंदावलें कीं धार संथ होते, तसेंच हें.

आणि अखेर नातवाचीही एक सूचना मान्य झाली. डिस्ट्रिब्यूटरच्या मूळ डबीच्या आंतच बसणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच त्यानें आणला. त्यामुळें पॉइंट झिजण्याचा व ठिणगी मंदावण्याचा त्रास गेला, आणि बाहेरून पाहणारास कांहीं कळत नाहीं. हल्लीं पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. तें जुन्या रबरास मानवत नाहीं, आणि त्यांत प्राणवायु असल्यामुळें जुन्या कार्बोरेटरांत मिश्रण विरळ होतें. म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रकारचा घातला व जेट किंचित् मोठें केलें. रेडिएटर स्वच्छ झाला, थर्मोस्टॅट परत आला, उष्णतेचा एक मापक बसविला. चारही चाकांचे ब्रेक ड्रमचे. त्यांचीं लायनिंगें नवीं घातल्यावांचून मिस्त्रींनीं गाडी बाहेर सोडली नाहीं. ओढ वाढविण्याआधीं थांबण्याची सोय पहावी, हें त्यांचें म्हणणें मनुष्यासही लागू आहे.

काढलेला प्रत्येक जुना भाग आम्हीं तेल लावून, कागदांत गुंडाळून, नांव-तारीख लिहून एका पत्र्याच्या पेटींत ठेवला आहे. नवें जें घातलें, त्यांतील जें काढतां येण्याजोगें आहे तें पुढील पिढीनें काढून पुन्हां जुनें बसवूं म्हटलें तर बसवितां यावें. जीर्णोद्धार करणारानें पुढच्यासाठीं वाट बंद करूं नये.

चार महिने काम चाललें. पहिले हजार किलोमीटर गाडी जोरांत पळविली नाहीं, पण एकाच संथ गतीनेंही चालविली नाहीं. गति कमीजास्त करीत राहिलों, म्हणजे रिंगा भिंतींशीं जमून येतात. मध्यंतरीं तेल बदललें आणि टॅपेट पुन्हां तपासले. मग एका रविवारीं पहाटे आम्ही पांचजण सासवडास निघालों. चालविण्यास नातू, त्याच्या शेजारीं आम्ही, मागें वहिनी, पुतण्या व सूनबाई. वडकी मागें पडली, घाट लागला. नातवानें दुसरा गिअर टाकला. आमचें लक्ष रस्त्याकडे नव्हतेंच. तें मापकाच्या कांट्यावर खिळलें होतें. पहिलें वळण, दुसरें वळण. तिसऱ्या वळणावर तो दगड दिसला, तेव्हां गाडींत कोणी बोलेना. कांटा किंचित् वर सरकला आणि तेथेंच राहिला. मागून दोन नव्या मोटारी सहज पुढें निघून गेल्या; आमच्या गाडीनें त्यांचा हेवा केला नाहीं. ती आपल्या चालीनें, न कुंथतां, माथ्यावर पोंचली.

माथ्यावर नातवानें गाडी थांबविली, पण इंजिन चालूच ठेवलें. वहिनी कांच खालीं करून थोडा वेळ ऐकत राहिल्या. ‘भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘ह्यांच्या वेळीं घाट चढल्यावर अशीच वाजायची. मधल्या वर्षांत तिचा आवाज बदलला होता. मी कोणाला बोललें नाहीं.’ मग आम्हांस समजलें कीं, ज्या दोषाचें निदान करण्यास आम्हांस मापक, ब्यूरेट आणि तराजू लागले, तो त्या घरांत बसून नुसत्या कानानें केव्हांच ओळखून होत्या.

असो. ज्यांस असें काम करावयाचें आहे त्यांस आमची विनंति एवढीच: गाडी किती पळेल हें विचारण्यापूर्वीं ती कोठें जावयाची आहे हें विचारा, उघडण्यापूर्वीं मोजा, शक्ति वाढविण्याआधीं समता आणा, आणि घरांतील वडील माणसांस तिचा आवाज कसा होता, हें आठवतें तोंवर विचारून ठेवा. पद्मिनी आतां दर रविवारीं बाहेर निघते. भंगारवाल्याचा निरोप अजून अधूनमधून येतो. त्यास उत्तर देण्याचें काम पुतण्याकडे आहे, आणि तें तो आनंदानें करतो.